गाढवाला अब्बा म्हणणारा मलखा

आमच्या मठात पाणी गाढवावरून येई, आणि ते गाढव आशीर्वाद मागितल्याशिवाय पाऊल उचलत नसे.

‘अब्बा, आशीर्वाद द्या,’ असं, आम्ही वडीलधाऱ्या संन्याशांना म्हणतो तसं, त्याच्या कानाशी वाकून म्हणावं लागे. मग ते एकदा मान हलवी आणि चालू लागे. मारून उपयोग नव्हता. ओढून तर नव्हताच. एकदा एका तरण्याबांड संन्याशानं शेपटी पिरगाळून पाहिली, तो नंतर आठवडाभर उभ्यानं प्रार्थना करत होता.

गाढव सांभाळायचं काम मलखाकडे होतं. मलखा गाझाकडच्या उंटवाल्याचा मुलगा. बुटका, नाकानं मोठा, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला, कारण त्या खांद्यावर त्यानं कित्येक वर्षं पाणी वाहिलं होतं. हसायचा तेव्हा आवाज येत नसे, नुसतं पोट हलायचं. मी भटारखान्यात. मला रोज पीठ मळायला पाणी लागे, त्यामुळे आमचं जमलं.

मठ म्हणजे दरीच्या दोन्ही कड्यांत खोदलेल्या गुहा, मधोमध चर्च, कोठार आणि माझी भट्टी. झरा पार तळाशी. वर चढताना एका वळणावर लांबवर खारा समुद्र दिसतो. त्यात मासा नाही, काठाला गवत नाही. कुणीतरी आरसा उताणा टाकून निघून गेल्यासारखा तो पडलेला असतो. पाणी वाहणाऱ्यानं दिवसातून चारदा ते पाणी पाहायचं आणि पुढं चढायचं.

गाढव येण्याआधी कोठारी होते युलोग अब्बा. किल्ल्या त्यांच्या कमरेला, आणि मन किल्ल्यांत. डाळीचे दाणे ते वाटीनं नाही, चिमटीनं मोजत. भाकरी वाटायची तर मठात कोण आधी आला, कोण नंतर, त्या क्रमानं. ज्येष्ठ माणूस तापानं फणफणत पडला असला, तरी त्याच्या गुहेपाशी थांबल्याशिवाय पुढच्याला भाकरी नाही. जेरुसलेमच्या एका विधवेनं मठाला गाढव घ्यायला म्हणून सोन्याची नाणी दिली होती. युलोगांनी त्यात चर्चसाठी चांदीचा दिवा आणला.

‘दिवा पाणी आणील का, अब्बा?’ मलखानं विचारलं होतं.

‘तू आहेस ना,’ युलोग म्हणाले.

या ‘तू आहेस ना’वर मलखा पुढं अनेक वर्षं चढला-उतरला.

आमच्याकडे मोठ्या उपवासाच्या आदल्या रविवारी क्षमेचा विधी होतो. चर्चच्या अंगणात सगळे जमायचं, एकेकासमोर गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं आणि म्हणायचं, ‘मला माफ कर.’ समोरच्यानंही तसंच कपाळ टेकायचं आणि म्हणायचं, ‘देव माफ करो, तूही मला कर.’ मग लाकडी फळी ठोकतात. तिथून मौन. धडधाकट असतील ते एकेकटे वाळवंटात निघून जातात आणि उपवास संपत येताना, झावळ्यांच्या रविवारी परत येतात. सगळेच परत येतात असं नाही. म्हणून तर आधी माफी.

एका वर्षी युलोग स्वतः चालत मलखासमोर आले. म्हातारा माणूस, गुडघे टेकताना किल्ल्या खणखणल्या. कपाळ मातीला लावलं. म्हणाले, ‘मलखा, मला माफ कर.’ मलखाच्या खांद्यावर भरल्या घागरींची कावड होती. तो तसाच उभा राहिला.

‘पाणी सांडेल, अब्बा,’ तो म्हणाला. ‘नंतर बघू.’ आणि निघून गेला.

फळी वाजली. युलोग वाळवंटात गेले. झावळ्यांच्या रविवारी त्यांना शोधायला माणसं गेली तेव्हा ते एका कपारीत भिंतीला टेकून बसलेले सापडले, सुकलेले, शांत, किल्ल्या मांडीवर.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला तकोवा गावच्या एका शेतकऱ्यानं मठाला एक शिंगरू दान दिलं. म्हणाला, ‘तुमच्या कोठाऱ्यांच्या नावानं घ्या. ते गेले म्हणता त्याच सुमाराला आमच्या गाढवीला झालं.’ शिंगरू आत आलं आणि थेट कोठाराच्या दारात जाऊन उभं राहिलं. तिथं जवाचा वास येत होता. पण मलखा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग वाकून म्हणाला, ‘आलात का, अब्बा?’

मठ महिनाभर हसला. मलखाही हसला. त्याच्या हसण्यात सूड होता हे आम्हाला कळत होतं. ज्यानं गाढव घेतलं नाही तोच गाढव झाला आणि आता पाणी वाहणार, याहून चांगला न्याय कुठल्या बिशपला जमला असता? शिंगरू मोठं होऊन पाणी वाहू लागल्यावर चढावर मलखा म्हणे, ‘दिवा पाणी आणतो का, अब्बा? नाही ना? तुम्ही आहात ना.’ पुढं दोन वर्षांनी मात्र तो गाढवाच्या पायातले काटे स्वतःच्या दातांनी काढू लागला. थंडीत स्वतःची घोंगडी त्याच्यावर घालू लागला. गाढवानंही एक खोड उचलली. पाणी वाटताना ते ज्येष्ठतेच्या क्रमानं गुहेगुहेपाशी थांबे, एकही चुकवत नसे, आणि रांगेत शेवटची मलखाची गुहा आली की तिथं ठाण मांडी.

‘हे तूच शिकवलंस,’ मी म्हणालो.

‘मी?’ मलखा म्हणाला. ‘मला कुठं ज्येष्ठता कळते, भाऊ? मी तर सगळ्यांच्या शेवटी.’

आमच्या मठात वरच्या कड्यावर काही विद्वान राहत. ते फार जुन्या एका गुरूची पुस्तकं वाचत. त्यात होतं की सगळे आत्मे जगाच्याही आधी देवाभोवती बसलेले होते, शेकोटीभोवती बसावं तसे. काहींचं लक्ष उडालं, ते गारठले, खाली घसरले आणि शरीरात येऊन पडले. मला हे पटायचं. भट्टीपाशी बसणाऱ्याला पटतंच. पण मलखाची गोष्ट ऐकून विद्वान नाक मुरडत.

‘आत्मा शरीराच्या आधी होता असं आम्ही म्हणतो,’ त्यांतला एक मलखाला म्हणाला. ‘तो गाढवात शिरतो असं नाही.’

‘मग युलोग गेले कुठं?’

‘ते देवाला ठाऊक.’

‘देवाला ठाऊक असलेलं तुम्ही बाकी सगळं सांगता. एवढंच ठेवता होय?’

तेव्हाचा बिशप विद्वानांच्या बाजूचा होता. त्याच्याकडून थेओटिम नावाचा एक डीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा धर्मसेवक, आला. त्यानं चर्चमधलं मोठं पुस्तक मागवलं. त्याच्या पहिल्या पानावर, काय वाचायचं, काय मानायचं, ते लिहिलेलं असे. जुनं खरवडून काढलं आणि विद्वानांना आवडेल असं लिहिलं. आम्ही सगळे ‘आमेन’ म्हणालो. मग बिशप बदलला. सम्राटानं राजधानीत बिशपांची सभा भरवली आणि ठरलं की आत्मा आधी नव्हता, जो आधी होता म्हणेल तो शापित. माझ्या तरुणपणी जे उपासनेत मोठ्यानं वाचत, ते आधी फक्त गुहेत वाचायचं झालं, मग गुहेतही नको झालं. पुस्तकातली काही पानं गेली. ती कुठं गेली ते कुणी विचारलं नाही. भट्टी माझ्याकडे होती, पण माझ्याकडे आली नाहीत एवढं सांगतो.

आणि क्षमेच्या रविवारच्या आदल्या सोमवारी नवा हुकूम घेऊन कोण यावं? तोच थेओटिम.

मधल्या काळात तो जाडा झाला होता आणि नव्या चपलांनी त्याचे पाय सोलवटले होते. सुकी भाकरी त्याला चावेना, पाण्यात बुडवून खाई. माणूस वाईट नव्हता. ते पहिलं पान त्यानं पुन्हा खरवडायला घेतलं. दुसऱ्यांदा. पानाचं चामडं इतकं पातळ झालं की ते उभं धरलं तर पलीकडचा दिवा दिसे. लिहिताना शाई उमटण्याऐवजी पसरत होती.

‘तिसऱ्यांदा आलात तर भोकच पडेल,’ आमचे प्रमुख पामोन अब्बा म्हणाले.

‘तिसऱ्यांदा यायला लागू नये अशी प्रार्थना करा,’ थेओटिम खालमानेनं म्हणाला.

तीन दिवसांनी त्याच्या कानावर गाढवाची गोष्ट गेली. वरच्या कड्यावरच्या कुणीतरी घातली असावी. स्वतःवरची नजर हटवायला गाढव बरं पडतं. थेओटिमनं मलखाला अंगणात बोलावलं. मी पीठ चाळत बाजूलाच बसलो होतो.

‘हे जनावर कोण आहे?’ थेओटिमनं विचारलं.

‘गाढव आहे, डीकनबाबा.’

‘मग तू त्याला अब्बा का म्हणतोस?’

‘नाही म्हटलं तर चालत नाही.’

‘त्याच्यात मेलेल्या कोठाऱ्याचा आत्मा आहे असं तू म्हणतोस.’

‘मी कधी म्हणालो? मी आशीर्वाद मागतो. तो देतो की नाही ते त्याच्यावर.’

‘गाढव आशीर्वाद कसा देईल? धर्मपुस्तकात कुठं आहे असं?’

‘बिलामाचं गाढव बोललं होतं ना? देवदूत त्याला आधी दिसला, बिलामाला नंतर.’

‘तो देवाचा चमत्कार होता.’

‘मग हाही असेल छोटासा. पाण्यापुरता.’

थेओटिमनं डोळे मिटले. त्याचे पाय दुखत होते. ‘मलखा,’ तो म्हणाला, ‘मागच्या वेळी मी आलो होतो तेव्हा तू काय मान्य केलं होतंस?’

‘तुम्ही सांगितलं ते.’

‘आणि आता?’

‘आता तुम्ही सांगाल ते. पण बाबा, एक विचारू? मागच्या वेळी आत्मा आधी होता आणि आता नाही, तर मधल्या काळात त्याचं काय झालं?’

मी चाळणीत तोंड घातलं. थेओटिमच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण त्यानं तो लगेच जागेवर आणला. ‘रविवारी सगळ्यांसमोर तू म्हणायचंस,’ तो म्हणाला, ‘की आत्मा आधी होता किंवा एका शरीरातून दुसऱ्यात जातो असं जो म्हणेल तो शापित असो. आणि त्यानंतर या जनावराला अब्बा म्हणायचं नाही. कबूल नसेल, तर जनावर माझ्याबरोबर जेरुसलेमच्या बाजारात जाईल.’

दुपारी मलखा माझ्याकडे आला. नेहमीसारखा पिठाच्या पोत्यावर नाही, जमिनीवर बसला.

‘म्हणून टाक,’ मी म्हणालो. ‘सगळेच म्हणणार आहेत. मीही.’

‘म्हणायला काय लागतं, भाऊ? पण समज, ते खरं असलं तर?’

‘काय खरं असलं तर?’

‘की कुणी परत येत नाही.’ तो बोटानं पिठात रेघा ओढत होता. ‘म्हातारा माझ्या पायाशी पडला होता. मी म्हटलं, नंतर बघू. ते नंतर अजून आलेलं नाही. दरवर्षी विधी होतो, मी सगळ्यांची माफी मागतो आणि त्या गाढवापुढं जाऊन नुसता उभा राहतो. हिंमत होत नाही. वाटतं, पुढच्या वर्षी मागू, आहेतच ते, कुठं जातात. आणि हा डीकन म्हणतो ते तिथं नाहीतच. मग मी कुणाची माफी मागू? दिव्याची?’

मी त्याला गरम भाकरीचा तुकडा दिला. त्यानं अर्धा खाल्ला आणि अर्धा कमरेला खोचला. तो कुणासाठी ते मला माहीत होतं.

‘आणि समज, खरं नसलं,’ उठताना तो म्हणाला, ‘तर शाप पडल्यावर पाणी कोण आणेल ते डीकनला विचार.’ त्याचं पोट हललं. चेहरा मात्र हसत नव्हता.

रविवारी दूरदूरच्या गुहांतले म्हातारेही आले. उपासनेनंतर एकेक जण पुस्तकापाशी गेला आणि म्हणाला ते शब्द. विद्वानांनी सगळ्यांत स्पष्ट उच्चार केले. मी घाईत म्हणालो. मलखाची पाळी शेवटी. तो बाहेरून आला, कारण पाहुण्यांसाठी पाण्याची जास्तीची खेप करून तो नुकताच चढून आला होता. पुस्तकावर हात ठेवून त्यानं इतक्या मोठ्यानं म्हटलं की दरीतून आवाज परत आला: ‘आत्मा आधी होता किंवा एका शरीरातून दुसऱ्यात जातो असं जो म्हणेल तो शापित असो.’ थेओटिमनं सुटकेचा श्वास सोडला.

मग अंगणात क्षमेचा विधी झाला. मलखा माझ्यासमोर आला, पामोन अब्बांसमोर गेला, ज्या विद्वानावर आमचा चहाडीचा संशय होता त्याच्यासमोरही गेला. सगळे संपले. गाढव भिंतीशी उभं होतं, पाठीवर भरलेल्या घागरी. मलखा तिकडे गेला. घाईघाईनं घागरी उतरवू लागला. एक कलंडली. पाणी अंगणभर पसरलं. आमच्याकडे थेंब सांडला तरी माणसं उठून धावतात. मलखानं त्याकडे पाहिलंही नाही. त्यानं पट्टा सोडला, खोगीर काढून बाजूला टाकलं, आणि त्या ओल्या मातीत गुडघे टेकून कपाळ लावलं.

‘युलोग अब्बा,’ तो म्हणाला, ‘मला माफ करा. तुम्ही नाही आहात असं मी आत्ताच आत सांगून आलो. तेही माफ करा.’

खोगीर काढलं की गाढव काय करतं ते कुणालाही ठाऊक आहे. पाठीला खाज सुटते. ते पुढचे पाय दुमडतं, मग मागचे, आणि मातीत लोळतं. मलखालाही ठाऊक होतं, रोज खोगीर तोच काढायचा. त्या गाढवानं पुढचे पाय दुमडले. गुडघे मातीला टेकले. मान खाली आली, थेट मलखाच्या कपाळासमोर, आणि क्षणभर ते तसंच थांबलं.



‘देव माफ करो,’ पामोन अब्बा पुटपुटले. ते गाढवाच्या वतीनं म्हणाले, की आम्हा सगळ्यांसाठी, मला सांगता येणार नाही. मग गाढव कुशीवर पडलं, चारही पाय वर केले आणि मनसोक्त लोळलं.

‘हे काय होतं?’ थेओटिमनं विचारलं.

‘खाज,’ पामोन अब्बा म्हणाले.

‘हे चालणार नाही.’ थेओटिमचा चेहरा लाल झाला होता. ‘जनावर माझ्याबरोबर येतंय. आत्ता.’

तेवढ्यात फळी वाजली. मौन सुरू झालं. आता वाद घालायला कुणाला तोंड नव्हतं.

मलखानं मुकाट्यानं खोगीर चढवलं. पट्टा घट्ट केला आणि बोट घालून पाहिलं, काचत तर नाही ना. थेओटिम चढून बसला. त्याच्या पायांना बरं वाटलं असावं. त्यानं टाच मारली. गाढव उभं. त्यानं लगाम झटकला. गाढव उभं. त्यानं मलखाकडे पाहिलं.

आमच्या मौनात एकच बोलणं चालतं, आशीर्वाद मागण्याचं. ती प्रार्थना समजली जाते. पण तेच बोलणं या गाढवापुरतं थेओटिमनं बंद केलं होतं. मलखानं त्याच्याकडे आज्ञाधारक डोळ्यांनी पाहिलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

थेओटिमनं पामोन अब्बांकडे पाहिलं. ते आकाशातली एक घार बघत होते. ऊन चढत होतं. आम्ही सगळे वाळवंटात निघायचं सोडून रांगेनं उभे होतो, अतिशय भाविक चेहऱ्यांनी. बराच वेळ गेला. मग थेओटिम गाढवाच्या मानेवर वाकला, जणू लगाम नीट करतोय. त्याचे ओठ हलले. कुणाला काही ऐकू आलं नाही.

गाढवानं एकदा मान हलवली आणि चालू लागलं.

पण जेरुसलेमच्या वाटेला नाही. ते सगळ्यांत ज्येष्ठाच्या गुहेपाशी गेलं आणि थांबलं. थेओटिम पुन्हा वाकला. मग दुसरी गुहा. मग तिसरी. प्रत्येक ठिकाणी त्याला वाकावं लागलं. आधी तो चोरून वाकत होता, अर्ध्यावर आल्यावर त्यानं चोरायचं सोडलं. कड्यावरून त्याचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू येत होता: ‘अब्बा, आशीर्वाद द्या.’ विद्वानांच्या गुहांपाशी तो आवाज जरा थकला होता आणि, मला वाटलं, थोडा खराही झाला होता. शेवटी मलखाची गुहा आली. गाढवानं तिथं ठाण मांडलं.

थेओटिम उतरला. त्यानं गाढवाच्या कपाळावरची ओली माती बोटानं पुसली. लगाम मलखाच्या हातात दिला.

‘पाणी आणत जा,’ तो म्हणाला. ‘कसं आणतोस ते मला कळवू नकोस.’

मलखानं त्याच्यासमोर गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. थेओटिमनं इकडंतिकडं पाहिलं, सुस्कारा टाकला, आणि त्या जाड्या माणसानं कष्टानं गुडघे टेकले. मग चपला हातात घेऊन तो अनवाणी वाट उतरून गेला.

त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मलखा मला म्हणाला, ‘भाऊ, खांदा हलका झाला.’ खांदा तेवढाच वाकडा होता.

दोन दिवसांनी जेरुसलेमहून एक उंटवाला आला. एक पोतं जव आणि ओल्या गवताचा एक भारा त्यानं अंगणात उतरवला.

‘एका डीकननं पाठवलंय,’ तो म्हणाला. ‘म्हणाला, युलोग अब्बांच्याच हाती द्यायचं, कोठारात नाही. कुठं आहेत ते?’

आम्ही सगळ्यांनी पामोन अब्बांकडे पाहिलं. रविवारी पुस्तकावर हात ठेवून ते शब्द पहिल्यांदा त्यांनीच म्हटले होते. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि दरीकडे बघितलं.

‘झऱ्यावर गेलेत,’ ते म्हणाले. ‘येतील एवढ्यात.’